सेकंदाचा पंधराशेवा भाग

“मामा, गाडी पळते झकास, पण उभी राहत नाही!” भाच्याने फोनवर तक्रार केली, तेव्हा मला प्रथम हसू आले. उभी राहत नाही म्हणजे काय, हे त्याने मग सविस्तर सांगितले.

गाडी त्याच्या आजोबांची, म्हणजे माझ्या वडिलांची. २००१ साली घेतलेली, चार सिलिंडरची, १३०० घन सेंटिमीटरची, पेट्रोल इंजेक्शनवर चालणारी. भाचा अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला. सुट्टीत त्याने गाडीला ‘ताकद आणण्याचा’ उद्योग केला. हवेची मूळची गाळणी काढून उघडी, मोठी गाळणी बसवली. धूर सुटसुटीत बाहेर जावा म्हणून सायलेन्सर बदलला. शेवटी पेट्रोल फवारणारे चारही इंजेक्टर काढून त्यांच्या जागी मोठे बसवले. मोठ्या इंजेक्टरबरोबर विकणाऱ्याने एक छोटी इलेक्ट्रॉनिक डबीही जोडून दिली.

परिणाम असा झाला, की महामार्गावर गाडी उत्तम धावू लागली. पण सिग्नलपाशी ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, की फेऱ्यांचा काटा ८०० वर स्थिरावण्याऐवजी खाली घसरे आणि इंजिन बंद पडे. संध्याकाळी दिवे लावल्यावर तर हमखास. गॅरेजमध्ये थ्रॉटल साफ झाला, मंद चालीची हवा नियंत्रित करणारी झडप नवी आली, स्पार्क प्लग बदलले, पेट्रोल फिल्टर बदलला. पैसे गेले, दुखणे राहिले.

इथपर्यंत सारे गमतीचे होते. मग एका रविवारी कात्रजच्या जुन्या घाटातून उतरताना, माझी ताई शेजारी बसलेली असताना, भाच्याने वळणाआधी क्लच दाबला आणि इंजिन बंद पडले. पुढच्या दोन-तीन क्षणांत त्याने घाबरून ब्रेक दोनदा-तीनदा मारला आणि पायाखाली ब्रेक दगडासारखा कडक झाला. स्टिअरिंगही जड झाले. सुदैवाने समोरून काही येत नव्हते. सगळी ताकद लावून त्याने गाडी डोंगराच्या बाजूला थांबवली. त्या संध्याकाळी ताईने किल्ली माझ्या टेबलाच्या खणात आणून टाकली. म्हणाली, “कारण कळेपर्यंत त्याला देऊ नकोस.”

इंजिन बंद पडल्यावर ब्रेक कडक का होतो? इंजिन हवा आत खेचते, त्यामुळे हवेच्या नळीत, म्हणजे मॅनिफोल्डमध्ये, वातावरणापेक्षा कमी दाब असतो. या कमी दाबाची मदत घेऊन ब्रेकवरचे आपल्या पायाचे बल वाढवले जाते. इंजिन थांबले की साठलेली मदत एखाद-दोन वेळा ब्रेक दाबण्यापुरतीच उरते. स्टिअरिंगला मदत करणारा तेलाचा पंपही या गाडीत इंजिनच फिरवते. ब्रेक आणि स्टिअरिंग अगदीच निकामी होत नाहीत, पण सारे बल आपले आपल्याला लावावे लागते. म्हणून ‘गाडी अधूनमधून बंद पडते’ ही नुसती गैरसोय नसते, तो धोका असतो.

पाण्याच्या थेंबाचा सहावा भाग

आता कारणाकडे वळू. गाडी उभी असताना चालू असलेले इंजिन काय करत असते? बाहेरून पाहता काहीच नाही. ते फक्त स्वतःला चालू ठेवत असते. अंतर्गत घर्षण, पंप, विद्युतजनित्र यांना पुरेल एवढीच शक्ती ते निर्माण करते. त्यासाठी किती पेट्रोल लागते, याचा हिशेब नववीचा विद्यार्थीही करू शकेल.

१३०० घन सेंटिमीटर भागिले चार, म्हणजे प्रत्येक सिलिंडरचे आकारमान ३२५ घन सेंटिमीटर. एवढ्या जागेत बाहेरची हवा पूर्ण दाबाने भरली तर तिचे वस्तुमान सुमारे ०.३९ ग्रॅम होईल. पण थ्रॉटल मिटलेला असताना मॅनिफोल्डमधला दाब वातावरणाच्या जेमतेम ३० टक्के असतो. शिवाय सिलिंडरमध्ये मागचा थोडा धूर शिल्लक असतो. त्यामुळे प्रत्यक्षात आत जाते सुमारे ०.०९ ग्रॅम हवा. पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी त्याच्या वस्तुमानाच्या सुमारे १४.७ पट हवा लागते. म्हणजे एका वेळचे पेट्रोल झाले सुमारे ६ मिलिग्रॅम. त्याचे आकारमान ८ घन मिलिमीटर, म्हणजे पाण्याच्या साधारण थेंबाचा सहावा भाग.

चार टप्प्यांच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांना प्रत्येक सिलिंडर एकदा पेटतो. मिनिटाला ८०० फेरे धरले, तर चारही सिलिंडर मिळून मिनिटाला १६०० वेळा, सेकंदाला सुमारे २७ वेळा हे घडते. यांतले काही स्फोट फसले, तर इंजिनाला तग धरायला आधार काय? फक्त गतिचक्रात साठलेली ऊर्जा. ही ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ३००० फेऱ्यांना ती जेवढी असते, तिच्या चौदाव्या भागाएवढीच ८०० फेऱ्यांना उरते. या चालीला पेट्रोल तोडले तर साधारण सेकंदभरात इंजिन थांबते.

तेव्हा मंद चाल हीच इंजिनाची खरी परीक्षा. सारी मापे लहान आणि हाताशी शिल्लक जवळजवळ नाही.

संगणकाला काय दिसते?

पूर्वी हवा-पेट्रोलाचे प्रमाण कार्ब्युरेटर राखत असे. १९६७ साली जर्मनीच्या बॉश कंपनीची ‘डी-जेट्रॉनिक’ ही इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन पद्धत फोक्सवॅगनच्या गाडीत आली. ‘डी’ हे जर्मन भाषेतील दाब या अर्थाच्या शब्दाचे आद्याक्षर. मॅनिफोल्डमधला दाब मोजायचा, त्यावरून आत किती हवा गेली याचा अंदाज बांधायचा आणि तेवढे पेट्रोल फवारायचे, ही तिची कल्पना. आपल्याकडे २००० साली देशभर धुराचे कडक निकष लागू झाले, त्या सुमारास कार्ब्युरेटर मागे पडत गेला आणि अशा इंजेक्शनच्या गाड्या घरोघरी आल्या.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. संगणकाला पेट्रोल ‘दिसत’ नाही. किती मिलिग्रॅम फवारले गेले हे मोजणारे साधन गाडीत नसते. संगणक फक्त वेळ ठरवतो: “इंजेक्टर इतके मिलिसेकंद उघडा ठेव.” तेवढ्या वेळात किती पेट्रोल पडेल, हे कारखान्याने त्याच्या स्मृतीत आधीच लिहून ठेवलेले असते. इंजेक्टर बदलला, की स्मृतीतले हे वाक्य खोटे ठरते आणि संगणकाला त्याचा पत्ता नसतो.

शेवटी एक राखणदार असतो, तो म्हणजे धुराच्या नळीतला ऑक्सिजन संवेदक. धुरात ऑक्सिजन उरला असेल तर तो ०.१ व्होल्टच्या आसपास दाखवतो, ऑक्सिजन संपला असेल तर ०.९ व्होल्टच्या आसपास. ते पाहून संगणक पेट्रोल थोडे वाढवतो किंवा कमी करतो. पण या दुरुस्तीला मर्यादा असते, सहसा २० ते २५ टक्क्यांची. चूक त्याहून मोठी असेल तर राखणदार हतबल होतो.

संशयितांची यादी

गॅरेजवाल्याने जे केले त्यात वाईट हेतू नव्हता, पण पद्धतही नव्हती. एकदम चार गोष्टी बदलल्या, तर गुण आला तरी कशाने आला ते कळत नाही, आणि न आला तरी काही शिकायला मिळत नाही. आम्ही ठरवले, की आधी प्रत्येक संशयिताला प्रश्न विचारायचा: ‘तू दोषी असतास तर आणखी काय दिसले असते?’

पहिला संशयित, हवेची गळती. नवी गाळणी बसवताना एखादी रबरी नळी सैल राहू शकते. मंद चालीत हे इंजिन सेकंदाला सुमारे २.३ ग्रॅम हवा घेते. अशा वेळी मॅनिफोल्डला पडलेले २ मिलिमीटर व्यासाचे भोकही सेकंदाला अर्ध्या ग्रॅमहून जास्त हवा आत सोडेल, म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा! गळती क्षुद्र नव्हे. ज्या गाड्यांत हवा तोंडाशीच मोजतात, तिथे ही चोरवाटेची हवा मोजली जात नाही, पेट्रोल कमी पडते आणि इंजिन बंद पडू शकते. आमच्या गाडीत मात्र दाब मोजला जातो. गळती झाली तर दाब वाढेल, संगणक पेट्रोलही वाढवेल आणि इंजिनाचे फेरे वाढतील. आमचे फेरे तर घटत होते. हा संशयित सुटला.

दुसरा प्रश्न, पेट्रोल जास्त पडते की कमी? आम्ही मल्टिमीटर घेऊन ऑक्सिजन संवेदकाचे व्होल्टेज पाहिले. वेगात चालताना ते ०.१ ते ०.९ यांमध्ये हेलकावे खात होते. हे निरोगीपणाचे लक्षण. मंद चालीत मात्र काटा ०.१ वर खिळला. धुरात ऑक्सिजन शिल्लक, म्हणजे पेट्रोल कमी!

भाचा लगेच टाळी देणार होता, पण मी त्याला थांबवले. संवेदक ऑक्सिजन मोजतो, पेट्रोल नव्हे. पेट्रोल इतके जास्त असेल की मिश्रण पेटलेच नाही, तर न वापरलेला ऑक्सिजन तसाच बाहेर पडेल आणि संवेदक तेव्हाही ०.१ च दाखवील. एकाच वाचनाची दोन परस्परविरुद्ध कारणे! निवाडा करायला वेगळा प्रयोग हवा. मेकॅनिकने हवेच्या तोंडाशी ज्वलनशील क्लीनरचा अगदी किंचित फवारा मारला. (हा प्रयोग सरावलेल्या हातांचा आहे, विद्यार्थ्यांनी करू नये.) अडखळणारे इंजिन चटकन सावरले, फेरे वाढले, व्होल्टेजने उडी घेतली. इंधन आधीच जास्त असते तर ते आणखी गुदमरले असते. तेव्हा निर्णय झाला: मंद चालीत पेट्रोल कमी पडते.

पण हे तर कोडेच झाले. इंजेक्टर मोठे बसवले आणि पेट्रोल कमी?

इंजेक्टर काचेच्या नळीवर

बऱ्याच गॅरेजमध्ये इंजेक्टर साफ करण्याचे यंत्र असते. त्यात इंजेक्टर काचेच्या मोजनळ्यांवर उभे बसवतात आणि हव्या त्या लांबीचे विद्युत् स्पंद देऊन किती द्रव पडतो ते मोजतात. आम्ही जुने आणि नवे, दोन्ही इंजेक्टर तिथे नेले. दर वेळी १००० स्पंद दिले आणि नोंदी केल्या.

जुना इंजेक्टर: ३ मिलिसेकंदांच्या स्पंदांना ६ मिलिलिटर, ६ मिलिसेकंदांना १५ मिलिलिटर, ९ मिलिसेकंदांना २४ मिलिलिटर.

नवा इंजेक्टर: ३ मिलिसेकंदांना ७.५ मिलिलिटर, ६ मिलिसेकंदांना २१ मिलिलिटर, ९ मिलिसेकंदांना ३४.५ मिलिलिटर.

वाचकांनी हे सहा बिंदू आलेखकागदावर जरूर मांडावेत. दोन सरळ रेषा मिळतात. जुन्याचा चढ दर मिलिसेकंदाला ३ मिलिलिटर, नव्याचा ४.५, म्हणजे बरोबर दीडपट. पण रेषा मागे वाढवल्या तर दोन्हींपैकी एकही शून्यातून जात नाही! जुनी रेषा वेळेच्या अक्षाला १ मिलिसेकंदापाशी छेदते, नवी १.३३ पाशी.

याचा अर्थ काय? इंजेक्टर म्हणजे विद्युतचुंबकाने उघडणारी झडप. वेटोळ्यात प्रवाह वाढायला आणि सुई उचलली जायला थोडा वेळ लागतो. तोवर हुकूम निघालेला असतो, पण पेट्रोल निघालेले नसते. सोसायटीची मोटर चालू केल्यावर नळाला पाणी यायला क्षणभर लागतो, तसेच. हा वाया जाणारा वेळ स्पंद ३ मिलिसेकंदांचा असो वा ९ चा, तेवढाच राहतो. नव्या, मोठ्या इंजेक्टरला तो जरा जास्त लागत होता.

डबीचा गुणाकार

आता विकणाऱ्याने दिलेल्या डबीकडे पाहू. ‘इंजेक्टर दीडपट मोठा, तर वेळ दोन-तृतीयांश करा,’ एवढेच ती करत होती. संगणकाकडून आलेला प्रत्येक स्पंद ती एक-तृतीयांशाने छाटे. तर्क वरवर बिनचूक. पण ही छाटणी पेट्रोल पडण्याच्या वेळेपुरती हवी होती. डबीने वाया जाणाऱ्या १ मिलिसेकंदाचीही छाटणी केली. तिथे ०.३३ मिलिसेकंद गेला. नवा इंजेक्टर उलट ०.३३ जास्त मागत होता. एकूण तूट ०.६७ मिलिसेकंदाची, म्हणजे सेकंदाचा पंधराशेवा भाग.

एवढ्याने काय बिघडते? दोन्ही टोके तपासू.

जोरात, मिनिटाला ६००० फेऱ्यांना, पूर्ण हवा घेताना एका वेळी सुमारे ३८ घन मिलिमीटर पेट्रोल लागते. त्यासाठी नव्या इंजेक्टरला ८.४ मिलिसेकंद प्रत्यक्ष उघडे राहावे लागते. त्यातून ०.६७ गेले तर तूट ८ टक्के. अशा वेळी मिश्रण मुळातच थोडे जास्त पेट्रोलाचे ठेवलेले असते, त्यामुळे ही तूट खपून जाते. गाडी झकास पळते.

मंद चालीत लागते ८ घन मिलिमीटर. त्यासाठी हवेत १.८ मिलिसेकंद. त्यातूनही तेच ०.६७ गेले. तूट ३७ टक्के! चूक दोन्हीकडे तेवढीच, पण एकीकडे ती गालबोट आणि दुसरीकडे घाव.

प्रयोगशाळेत व्हर्नियर कॅलिपर वापरताना आपण विद्यार्थ्यांना शून्य त्रुटी काढायला सांगतो. ०.२ मिलिमीटरची शून्य त्रुटी १०० मिलिमीटरचा ठोकळा मोजताना कुणाच्या लक्षातही येत नाही, १ मिलिमीटरची तार मोजताना मात्र उत्तर पार चुकते. आणि शून्य त्रुटी गुणाकाराने जात नाही, ती वजाच करावी लागते. डबी बनवणाऱ्याने नेमके हेच विसरून सारे गुणाकारावर सोपवले होते.

आता बाकीच्या लक्षणांचाही उलगडा होतो. ऑक्सिजन संवेदकाच्या सांगण्यावरून संगणक २५ टक्क्यांपर्यंत पेट्रोल वाढवत होता, म्हणून इंजिन कसेबसे तरी चाले. पण वेगात असताना पाय काढला, की संगणक काही काळ पेट्रोल पूर्ण तोडतो आणि फेरे उतरल्यावर पुन्हा सुरू करतो. त्या सुरुवातीच्या क्षणांत संवेदकाची दुरुस्ती हाताशी नसते, पूर्ण ३७ टक्के तूट अंगावर येते आणि सेकंदभरात खेळ संपतो. सिग्नलपाशी नेमके हेच घडत होते. घाटात क्लच दाबल्यावरही हेच घडले. चाकांचा आधार सुटला आणि इंजिनाला स्वतःच्या पायावर उभे राहता आले नाही.

आणि संध्याकाळचे दिवे? दिवे आणि पंखा लागले की मंद चालीत व्होल्टेज उतरते. वेटोळ्यात प्रवाह आणखी सावकाश वाढतो, वाया जाणारा वेळ लांबतो. संगणक त्याची भरपाई करतो, पण जुन्या इंजेक्टरच्या हिशेबाने, आणि त्या भरपाईतूनही डबी एक-तृतीयांश कापून घेते.

उपाय

डबीतला गुणाकार बदलून वजाबाकीही करणारे साधन बसवता आले असते. त्याआधी मी भाच्याला एक हिशेब करायला लावला: मोठे इंजेक्टर लागत होते का? जुन्या इंजेक्टरला ३८ घन मिलिमीटरसाठी सुमारे १२.७ मिलिसेकंद, अधिक वाया जाणारा १, म्हणजे १३.७ मिलिसेकंद हवेत. ६००० फेऱ्यांना दोन फेऱ्यांचा काळ २० मिलिसेकंद. म्हणजे जुना इंजेक्टर सर्वांत जास्त गरजेच्या वेळीही जवळपास एक-तृतीयांश वेळ रिकामाच होता! नव्या गाळणीने हवा थोडी वाढली असली, तरी तो पुरून उरला असता.

भाचा बराच वेळ कागदाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “म्हणजे मामा, मी पैसे देऊन दुखणं विकत घेतलं.” जुने इंजेक्टर परत बसले, डबी निघाली. काटा ८०० वर असा टेकला, की जणू काही घडलेच नव्हते. दिवे लावून, पंखा लावून, दहा वेळा पाय काढून पाहिले. वेगात फरक पडल्याचे भाच्यालाही जाणवले नाही. किल्ली खणातून बाहेर आली. गाडीच्या मूळ नोंदीशी न जुळणारे बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची आडकाठी आहे, हेही त्याला वाचायला दिले.

वर्गात करून पाहण्यासाठी

एक ड्रॉपर आणि लहान मोजपात्र घ्या. २०० थेंब पाडून एका थेंबाचे आकारमान काढा. आता मुद्दाम प्रत्येक वेळी मोजणी तीन थेंब उशिरा सुरू करा. २०० थेंबांत आणि १० थेंबांत शेकडा चूक किती येते, ते विद्यार्थ्यांना काढू द्या. मग त्यांना विचारा: रिक्षाचे भाडे अंतराच्या सम प्रमाणात असते का? पहिल्या टप्प्याचे किमान भाडे आलेखात कुठे दिसते? वर दिलेले सहा बिंदू त्यांना मांडायला लावा आणि डबीची चूक शोधायला सांगा.

‘सम प्रमाण’ आणि ‘सरळ रेषा’ या दोन गोष्टी एकच आहेत, असे पुष्कळ विद्यार्थ्यांना वाटते. परीक्षेत या गैरसमजाने एखादा गुण जातो. घाटातल्या वळणावर त्याची किंमत वेगळी असते.